तान्ह्याच्या हाती काय द्यावे?

वाचक भगिनींनो, सुगी उरकून जत्रांचे दिवस आले की आमच्याकडे एका तऱ्हेची पत्रे हटकून येऊ लागतात. या खेपेला एका बहिणीने लिहिले आहे, "आमचे बाळ आठ महिन्यांचे आहे. जत्रेतून आत्याबाईंनी वाजणारी मोटार आणली, मामाने फुगे आणले, आणि सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला डाव-पळी दिली तरी पुरे. मी कोणाचे ऐकू?" दुसरे पत्र विदर्भातल्या एका शेतकरी बापाचे आहे. थोरल्या मुलासाठी तान्ह्या पोळ्याला केलेला लाकडी बैल आता धाकट्या, वर्षाच्या मुलीला खेळायला द्यावा का, असे ते विचारतात. बापमाणसाने असे पत्र लिहावे याचा मला विशेष आनंद झाला. दोघांनाही एकदमच उत्तर देते.

पहिल्या बहिणीला आधीच सांगून टाकते, सासूबाईंचे बरोबर आहे. आत्याबाई आणि मामा रागावतील, पण त्यांनी आणलेले दोन्ही जिन्नस तूर्त फळीवर ठेवून द्या. का ते पुढे येईलच.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला विकतचे खेळणे लागतच नाही म्हटले तरी चालेल. त्याला स्पष्ट दिसते ते वीत-सव्वा वीत अंतरावरचे, म्हणजे पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढे. त्याच्या लेखी सर्वांत मोठे खेळणे तेच. फिक्या गुलाबी-निळ्या रंगापेक्षा काळे-पांढरे, गडद असे त्याच्या नजरेत लवकर भरते. पाळण्यावर चिमणाळे बांधायची आपली रीत फार शहाणपणाची आहे. कापडी चिमण्या हलतात, बाळाची नजर त्यांच्यामागे फिरते, मान वळते. मात्र ते घट्ट बांधलेले हवे, चिमण्यांना टिकल्या आणि मणी लोंबत नकोत, आणि बाळ हात उंचावून दोरी ओढू लागले, म्हणजे साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास, की चिमणाळे उतरवून ठेवावे. दोरीचेही तसेच. बाळाच्या कोणत्याही खेळण्याला वीतभराहून लांब दोरी नको. गळ्यातला ताईत, काळ्या मण्यांची माळ या गोष्टी खेळण्यात येत नाहीत हे खरे, पण दोरी ती दोरीच. झोपेत ती खुंटीला किंवा पाळण्याच्या कडीला अडकली तर ओरडायलाही वाव राहत नाही. दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट आहेच की!

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठ उघडते आणि हाती आलेले धरता येते. तेव्हा खुळखुळा द्यावा. तो हलका हवा, नाही तर पोर तोच आपल्या कपाळावर मारून घेते. दांडा बाळाच्या मुठीत मावेल असा, पण घशापर्यंत जाणार नाही असा. कडीच्या आकाराचा असेल तर उत्तम. दोन अर्धे चिकटवून केलेला प्लॅस्टिकचा स्वस्त खुळखुळा घेण्याआधी दोन्ही हातांनी जोर लावून पाहा. तुमच्या हातात तो उकलला तर फरशीवर आपटून त्याचे काय होईल, आणि आतले खडे कोठे जातील, याचा अंदाज दुकानातच घ्या. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

सहाव्या महिन्यापासून खरी गंमत सुरू होते आणि खरी काळजीही. मोठी माणसे वस्तू डोळ्यांनी पाहतात, या वयाचे बाळ तोंडाने पाहते. गोड की तुरट, मऊ की कठीण, थंड की ऊन, सारी परीक्षा जिभेवर. ती वाईट सवय नव्हे, ते त्याचे शिकणे आहे, म्हणून हातावर चापट्या मारू नका. उलट जे तोंडात गेले तरी चालेल तेच समोर ठेवा. त्यानंतर नवव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी जमते. चिमटी जमली की सारवलेल्या जमिनीवर सांडलेला एकुलता एक हरभरादेखील बाळाला सापडतो. आपल्याला चष्मा लावून सापडणार नाही, त्याला सापडतो.

तेव्हा एक घरगुती परीक्षा सांगते. अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकाला टेकवून गोल करा. त्या गोलातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती नको. कारखान्यात खेळणी तपासतात तेव्हा 31.7 मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वा इंच, रुंदीचे एक नळकांडे वापरतात. त्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असे धरले जाते. चेंडूची मर्यादा याहून मोठी आहे. पावणेदोन इंचांहून लहान चेंडू तीन वर्षांपर्यंत धोक्याचा, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. गोट्या, बुचे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, कवड्या, सुट्या सोंगट्या या सगळ्या थोरल्या भावंडांच्या मालकीच्या वस्तू आहेत. त्यांना एक उंच जागेवरचा डबा द्या आणि खेळ संपल्यावर मोजून ठेवायची सवय लावा. पोरे मोजायला शिकतील, हा वर फायदा.

भुईमुगाच्या शेंगांचा येथे वेगळा उल्लेख करते, कारण त्या आपल्या घरी पोत्याने असतात आणि वाजतात म्हणून बाळाच्या हातात देण्याचा मोह होतो. शेंगदाणा श्वासनळीत गेला की ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने आत सूज येते, आणि क्ष-किरणाच्या फोटोत तो सहसा दिसतही नाही. एकदम ठसका लागतो, पोर लालबुंद होते, मग जरा शांत होते आणि घरच्यांना वाटते, गेले खाली. त्यानंतर खोकला हटत नाही, छाती वाजते, आणि सर्दी समजून काढे चालू राहतात. ठसक्यानंतर जडलेला खोकला असेल तर डॉक्टरांना तो ठसका आवर्जून सांगा. दुर्बीण घालून दाणा काढता येतो, पण संशय आल्याशिवाय कोणी दुर्बीण घालणार नाही.

आता जत्रेकडे वळू. फुगा बाळाला फार आवडतो, पण बाळाच्या दृष्टीने सर्वांत वाईट खेळणे कोणते म्हणाल तर तोच. फुगलेला असतो तोवर ठीक. फुटला की त्याचा ओलसर तुकडा घशाला असा चिकटतो की पाठीत थापट्या मारूनही निघायला कठीण. न फुगवलेला फुगा चघळायला देणे तर त्याहून वाईट. पिपाणी आणि शिट्टी यांचा आतला पडदा किंवा गोळी सुटून येते. कागदी भिंगरी सुंदर दिसते, पण तिच्या मध्यभागी टाचणी असते. ती आजीच्या हातात फिरावी आणि बाळाने पाहावी.

वाजणाऱ्या, उजेड पाडणाऱ्या खेळण्यात बारीक गोल सेल असतो, सदऱ्याच्या गुंडीएवढा चपटा, चकचकीत. आत्याबाईंच्या मोटारीला मी फळी दाखवली ती यासाठी. हा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर अंगातल्या ओलाव्याने त्यातून वीज वाहू लागते, तेथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेल संपलेला असला तरीही. पोर लाळ गाळते, दूध ओढत नाही, खोकते, आणि पुष्कळदा सुरुवातीला काहीच दाखवत नाही. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी ओकारी काढायला जाऊ नका, शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नका, फोटो काढण्याची सोय असेल अशा दवाखान्यात तडक जा. खेळण्याच्या सेलचे झाकण नखाने उघडत असेल तर ते खेळणे लहान मुलाचे नव्हे. स्क्रूने बंद हवे. लोहचुंबकाचे बारीक तुकडेही असेच. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटीत पकडून एकमेकांना चिकटतात. आणि पाण्यात टाकले की फुगणारे ते रंगीत मणी! ते पोटातही फुगतात, एवढे लक्षात ठेवा.

आवाजाचीही परीक्षा घ्या. खेळणे स्वतःच्या कानाशी धरा. तुम्हाला नकोसे वाटले तर बाळाला ते नकोच, कारण ते हातभर अंतरावर धरण्याइतकी अक्कल त्याला अजून आलेली नसते.

दुकानातून घ्यायचे तर काय पाहावे? 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. शिक्का सक्तीचा झाला आहे. शिक्क्याखाली परवान्याचा क्रमांक असतो, आणि घरात कोणाच्या मोबाइलवर 'बीआयएस केअर' हे ॲप असेल तर तो क्रमांक खरा की खोटा हे घरबसल्या पाहता येते. जत्रेत पसरलेल्या मालावर असा शिक्का क्वचितच आढळतो. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांच्या वस्तूंना मात्र या सक्तीतून सूट आहे. म्हणून सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी शिक्क्यावाचून दिसली तर बिचकू नका. कडा गुळगुळीत आहेत का, रंग ओल्या फडक्याला लागतो का, खिळा वर आला आहे का, हे हात फिरवून पाहा. आकार मात्र वयाप्रमाणे निवडावा. ती लाकडी फळे दिसायला मोहक असतात, पण चिमुकले लाकडी द्राक्ष शेवटी गोटीच.

एवढे बाजाराविषयी पुष्कळ झाले. आपल्या घरचा खरा धोका बाजारातून येत नाही, तो गोठ्यातून आणि ओसरीवरून येतो. मागे एका वस्तीवर गेले होते. ओसरीवर दहा महिन्यांचे गुटगुटीत पोर बसलेले, आणि हातात फवारणीच्या औषधाचे मापाचे टोपण. ते ते चोखत होते. मी दचकून विचारले तर घरची सून म्हणाली, "धुऊन दिलंय ताई, दोनदा!" तिचा त्यात दोष नव्हता. टोपण छान होते, हलके, रंगीत, मुठीत मावणारे. कारखानदाराने खेळणे म्हणून केले असते तरी याहून सुबक झाले नसते. पण औषध प्लॅस्टिकमध्ये मुरते, पेचाच्या खाचांत बसते, आणि जे प्रमाण आपल्या हाताला जाणवत नाही ते सात-आठ किलोच्या बाळाला भारी पडते. औषधाला 'औषध' म्हणण्याची आपली रीतच मला कधी कधी घातक वाटते. ते विष आहे. त्याचा डबा, टोपण, माप, पंपाची नळी, यांतले काही कितीही धुतले तरी खेळण्यात जाता कामा नये. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डबा भोके पाडून निकामी करावा, म्हणजे कोणी त्यात खडे घालून खुळखुळा करणार नाही.

बीजप्रक्रिया केलेले बियाणे गुलाबी, लाल, निळे असते. मोठ्यांना इशारा म्हणून तो रंग दिलेला असतो, लहानाला ती गोळी वाटते. पेरणीच्या दिवसांत पिशवी सांडली तर तेथेच झाडून घ्या.

कुंपणावरच्या बियांचेही सांगायला हवे. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या बिट्ट्यांशी आपण लहानपणी खेळलो असू, पण आतली बी हृदयावर परिणाम करते. गुंजा लालचुटूक दिसतात, अख्खी गुंज तशीच निघून जाऊ शकते, पण चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज जीवघेणी ठरू शकते. एरंड आणि मोगली एरंड यांच्या बियाही विषारीच. गुंजांची माळ पाळण्याला बांधलेली असेल तर आजच सोडा. बाळाने यांतले काही तोंडात घातले असे दिसले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. तोंडातले काढा, तोंड ओल्या फडक्याने पुसा, आणि बी किंवा डब्यावरचे लेबल बरोबर घेऊन दवाखाना गाठा. लेबलावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

आणि घशात अडकलेच तर? 108 ला फोन करायला एकाला पाठवा, पण हातावर हात ठेवून गाडीची वाट पाहू नका. बाळ जोराने खोकत किंवा रडत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला असेल तर, वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे घ्या, डोके छातीपेक्षा खाली, जबडा हाताने आधारलेला, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच थापा द्या. न निघाल्यास उताणे करून स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबा. पुन्हा पालथे, पुन्हा उताणे, वस्तू निघेपर्यंत. बाळ निपचित पडले तर फोनवरचा माणूस सांगेल तसे छाती दाबणे आणि श्वास देणे सुरू करा. वर्षावरच्या मुलाला छातीऐवजी बेंबीच्या वर, फासळ्यांखाली, मागून मिठी घालून आत-वर असे झटके द्यायचे असतात. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी खाली जाते. अंगणवाडी सेविकेकडून किंवा आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडून हे एकदा प्रत्यक्ष बाहुलीवर शिकून घ्या. वाचून हात बसत नाही. आणि घरातल्या पुरुषांनीही शिकावे.

अंगणवाडीवरून आठवले. 1945 साली ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला ताराबाई मोडक यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ते काम कोसबाडला गेले. महागडी शहरी साधने आणण्यापेक्षा पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, जे गावात आहे त्यातूनच मुलांना शिकवावे असा त्यांचा मार्ग होता. तो मला फार पटतो. फक्त ती मुले अडीच-तीन वर्षांपुढची होती हे विसरू नये. बिया आणि खडे त्यांच्यासाठी. तान्ह्यासाठी त्याच मार्गाने पण मोठ्या आकाराचे काहीतरी शोधावे.

ते स्वयंपाकघरात असतेच. दोन वाट्या एकीत एक बसणाऱ्या, एक लाकडी डाव, झाकण असलेला पितळी डबा, वेताची लहान टोपली. आठ-नऊ महिन्यांचे बाळ डब्यात वाटी टाकते, काढते, पुन्हा टाकते, अर्धा तास. वाटी पंचाखाली लपवा आणि पाहा, ते पंचा ओढून काढते. दोन महिन्यांपूर्वी ते वाटी विसरून गेले असते. आता दिसत नसलेली वस्तूही असते, हे त्याला कळले आहे. यापुढे मोटारीचे बटन दाबून वाजणारे तेच ते गाणे काय शिकवणार? दात येताना स्वच्छ सुती फडके थंड पाण्यात भिजवून पिळून चावायला द्यावे. गाजराचा तुकडा देतात तो देऊ नये, नव्या दातांनी तो तुटतो. आणि रडते म्हणून मोबाइल हातात देणे बंद करा. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही म्हणणे आहे.

जुन्या मऊ लुगड्याची बाहुली करा. आत धुतलेल्या चिंध्या किंवा कापूस भरा, ज्वारी किंवा सरकी नको, शिवण उसवली की दाणे बाहेर आणि उंदीर आत. डोळे गुंड्यांचे न लावता दोऱ्याने भरा. आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. रात्री झोपताना वर्षाच्या आतल्या बाळाच्या शेजारी मात्र बाहुली, उशी, काही ठेवू नका, तोंडावर येते.

चालू लागणाऱ्या पोराला आपला पांगुळगाडा उत्तम. तो पोर स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. बाजारात मिळणारा चाकांचा गोल वॉकर, ज्यात पोराला मध्ये बसवतात, तो निराळा. त्यात ते क्षणात चुलीपर्यंत किंवा ओट्याच्या कडेपर्यंत पोचते. त्याने चालणे लवकर येत नाही. कॅनडाने 2004 साली त्याची विक्रीच बंद केली. आपल्याकडे चुली, पायऱ्या आणि हौद अधिक आहेत.

आता त्या बापाच्या बैलाविषयी. बैल जरूर द्या, वर्षाच्या मुलीला ओढत न्यायला याहून चांगले काही नाही. पण त्याला रंग कोणता दिलात ते आठवा. गाडीच्या चाकाला किंवा शिंगांना लावून उरलेल्या डब्यातला ऑइल पेंट असेल, आणि डबा जुना असेल, तर त्यात शिसे असण्याचा संभव आहे. घरगुती रंगातल्या शिशावर सरकारने 90 पीपीएमची मर्यादा घातली ती नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचे पिवळे, लाल, हिरवे रंग विशेष संशयाचे. यंत्रांना लावायचे औद्योगिक रंग तर या नियमात येतच नाहीत. शेंदूरही मुळात शिशाचाच. शिसे मेंदूला बाधते, ते हळूहळू साठते आणि वरून काही दिसत नाही. असा बैल मुलीला देऊ नका, आणि कोरडा घासून रंगही काढू नका, कारण ती धूळ अधिक वाईट. तो थोरल्यासाठी पोळ्यापुरता ठेवा. मुलीसाठी सुताराकडून नवा घ्या, किंवा स्वतः करा. शिंगे बोथट, कान जोडलेले न ठेवता कोरलेले, चाके तळहाताएवढी, आणि चाकाची खीळ ओढून पाहा, हाती येता कामा नये. पॉलिश कागदाने घासून खोबरेल तेलाचे दोन हात द्या, रंग देऊच नका. गळ्यात घुंगरू बांधायचा मोह होईल, पण घुंगरू सुटतो. वेसणीची दोरी वीतभरच ठेवा. मुलगी वाकून ओढील, तिला त्याचे काही वाटत नाही.